आंतरराष्ट्रीय शाळांतील इंग्रजीची परीक्षा
केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाने १८५८ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलेल्या शालेय परीक्षा लवकरच त्रिनिदादला पोहोचल्या व पुढे ब्रिटिश वसाहतींत रूढ झाल्या. वसाहतींतील शालान्त प्रमाणपत्रासाठी इंग्रजीत उत्तीर्ण होणे अनिवार्य असे. गणितात प्रावीण्य मिळवूनही इंग्रजीतील अपयशाने संपूर्ण प्रमाणपत्र हुके. १९८८ मध्ये प्रथम घेतलेल्या ‘आयजीसीएसई’ परीक्षेत प्रत्येक विषयाची श्रेणी स्वतंत्र असते.

तीत इंग्रजीचे प्रथम व द्वितीय भाषा असे निरनिराळे अभ्यासक्रम आहेत. द्वितीय भाषेत वाचन, लेखन, श्रवण व संभाषण यांची चाचणी होते. प्रथम भाषेत उताऱ्यातील सूचितार्थ ओळखणे आणि लेखकाच्या शब्दयोजनेचा परिणाम उलगडून दाखविणे यांवर भर असतो. हा शेवटचा भाग शिकविण्यास विशेष कठीण. अलंकारांची नावे पाठ करून तो साधत नाही. द्वितीय भाषेची संभाषण-चाचणी सामान्यतः शाळेतील शिक्षकच घेतो व तिचे ध्वनिमुद्रण मंडळाकडून पडताळले जाते. साहजिकच स्वतःच्या विद्यार्थ्याला त्याने तेथे त्रयस्थाप्रमाणे जोखावयाचे असते.

अभ्यासक्रमाची निवड हा खरा पेच होय. घरी मराठी बोलणाऱ्या, पण शिशुवर्गापासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुंबई-पुण्याच्या मुलाची ‘प्रथम’ भाषा कोणती, हे जन्मापेक्षा त्याच्या वाचनावर अवलंबून असते. ‘द्वितीय’ हा शब्द मात्र पालकांना पुष्कळदा कमीपणाचा वाटतो.