घरगुती स्वच्छताद्रव्ये : आरोग्याला होणारे अपाय

फरशी, भांडी, कपडे, मोरी आणि संडास स्वच्छ करण्यासाठी घरात वापरली जाणारी रासायनिक द्रव्ये व त्यांच्यापासून शरीराला होणारी इजा. साबण व डिटर्जंट, अम्ले, अल्कली, विरंजके, जंतुनाशके, विद्रावके आणि सुगंधद्रव्ये असे या द्रव्यांचे ढोबळ वर्ग पडतात. बाजारातल्या एकाच बाटलीत त्यांतले तीन-चार एकत्र असू शकतात. ॲसिड अंगावर सांडले किंवा मुलाने फिनाईल प्यायले तर इजा डोळ्यांसमोर घडते आणि घर जागे होते. रोज थोडे थोडे श्वासावाटे आत जाणारे, हातांच्या भेगांतून शिरणारे किंवा दोन द्रव्ये एकत्र आल्यावर नव्याने तयार होणारे विष मात्र सहसा लक्षात येत नाही. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे.

ब्लीच आणि ॲसिड : घरगुती अपघातांपैकी सर्वांत सहज टाळता येण्याजोगा आणि तरीही वारंवार घडणारा अपघात या जोडीमुळे होतो. द्रवरूप ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे पाण्यातील विद्रावण. घरगुती बाटलीत त्याचे प्रमाण साधारणपणे ३ ते ६ टक्के असते. संडास साफ करण्याच्या निळ्या द्रवात सुमारे १० टक्के हायड्रोक्लोरिक अम्ल असू शकते. सुट्या बाटलीतून विकले जाणारे ‘बाथरूमचे ॲसिड’ त्याहून बरेच तीव्र असते. ही दोन द्रव्ये वेगवेगळी वापरली तर आपापले काम करतात. एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. कार्ल विल्हेल्म शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७४ मध्ये वेगळा केलेला हा वायू २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने युद्धास्त्र म्हणून वापरला. तो हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने जमिनीलगत साचतो. उकिडवे बसून संडासाचे भांडे घासणाऱ्या व्यक्तीचे तोंड नेमके त्याच पातळीवर असते. डोळे, नाक आणि श्वासनलिका यांच्या ओलाव्यात विरघळून तो अम्लेच तयार करतो. त्यामुळे आधी डोळे चुरचुरतात व खोकल्याची उबळ येते. मात्रा अधिक असेल तर काही तासांनंतर फुप्फुसांत पाणी साचू शकते. म्हणूनच थोडा वेळ बरे वाटले, एवढ्यावर निर्धास्त राहणे धोक्याचे ठरते.

ब्लीच आणि अमोनिया यांच्या मिश्रणातून क्लोरामाइन वायू तयार होतात व तेही श्वासमार्गाला जाळतात. काच पुसण्याच्या काही द्रवांत अमोनिया असतो. लघवीतही तो तयार होतो. म्हणून दिवसभर पाणी न टाकलेल्या मुतारीत ब्लीच ओतले की नाकाला झोंबणारा वास येतो. हा वास स्वच्छतेची खूण आहे अशी समजूत घरोघरी रुजलेली आहे, आणि या विषयातली सर्वांत घातक समजूत तीच आहे. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस ब्लीचमध्ये मिसळण्याचे ‘घरगुती उपाय’ही याच कारणाने टाळावेत, अम्ल सौम्य असले तरी क्लोरीन सुटतोच.

शहाबादी फरशी चुनखडीची असल्याने तिच्यावर ॲसिड पडले की फेस येतो. डाग निघाल्यासारखा वाटतो, पण प्रत्यक्षात दगडच झिजतो आणि सांधे मोकळे होतात. उडणारे अम्लाचे तुषार मोरीच्या कोंदट हवेत राहतात. दात आणि घसा यांवर त्यांचा परिणाम होतो, दम्याच्या रुग्णाला त्यांनी लगेच झटका येऊ शकतो. बाजारातल्या सुट्या ॲसिडवर निर्बंध आले ते मात्र वेगळ्याच आणि फार वेदनादायक कारणाने. ॲसिड हल्ल्यांबाबतच्या लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये आदेश दिले. खरेदीदाराचे ओळखपत्र पाहणे, विक्रीची नोंद ठेवणे आणि १८ वर्षांखालील व्यक्तीस विक्री न करणे ही बंधने विक्रेत्यांवर घालण्यात आली.

करोनाकाळात हायपोक्लोराइटचा वापर अतोनात वाढला. मार्च २०२० च्या अखेरीस उत्तर प्रदेशातील बरेली येथे गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर या द्रवाचा फवारा मारण्यात आला. माणसांवर अशी फवारणी करू नये, तिने अपायच होतो, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिलमध्ये स्पष्ट केले. पृष्ठभाग निर्जंतुक करण्यासाठी ०.१ टक्क्याचे विद्रावण पुरते, अशी जागतिक आरोग्य संघटनेची त्या वेळची शिफारस होती. बाटलीतले ब्लीच तसेच ओतले तर तीव्रता त्याच्या तीस ते साठपट होते.

कॉस्टिक : तुंबलेली मोरी मोकळी करण्याच्या पुड्यांत सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे कॉस्टिक सोडा असतो. अल्कलीची इजा अम्लापेक्षा फसवी असते. अम्लाने ऊतींवर खपली धरते व ते पुष्कळदा तिथेच अडते, तर अल्कली मेद विरघळवत खोल उतरत जाते. लहान मुलाने तो चाटला तर अन्ननलिका भाजते आणि बरी होताना आकसते. मग काही आठवड्यांनी घास गिळेनासा होतो. अमेरिकेतील घसातज्ज्ञ शेव्हालिये जॅक्सन अशा मुलांच्या आकसलेल्या अन्ननलिका वर्षानुवर्षे रुंदावत राहिले. डब्यांवर धोक्याची सूचना नसते हे पाहून त्यांनी कायद्यासाठी पाठपुरावा केला. त्यातून १९२७ चा दाहक विषांविषयीचा संघीय कायदा झाला आणि अशा डब्यांवर ‘विष’ हा शब्द छापणे बंधनकारक झाले. एका डॉक्टरने शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी न थांबता थेट डब्यापर्यंत जाऊन केलेले हे काम या क्षेत्रातले फार मोठे मानावे लागेल.

फिनाईल : भारतीय मानकात या जंतुनाशकाचे काळे व पांढरे असे दोन प्रकार मानले आहेत. काळे फिनाईल कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या फिनॉलवर्गीय द्रव्यांचे असते. बाजारात ‘पांढरे फिनाईल’ म्हणून मिळणारा द्रव बहुधा पाइन तेल पाण्यात घुसळून बनवलेला असतो. जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये जखमा निर्जंतुक करण्यासाठी वापरलेले कार्बोलिक अम्ल म्हणजे फिनॉलच. ते त्वचेतून शोषले जाते, त्वचा बधिर करते आणि म्हणून भाजल्याचे उशिरा कळते. पांढऱ्या प्रकारात धोका निराळा असतो: गिळलेला तेलकट द्रव उलटीवाटे वर येताना फुप्फुसांत शिरतो व न्यूमोनिया होतो. दारोदार विकले जाणारे सुटे फिनाईल थंड पेयांच्या जुन्या बाटल्यांत भरून मिळते. पांढरा, दुधासारखा द्रव ओळखीच्या बाटलीत दिसला तर तीन वर्षांचे मूल तो तोंडाला लावणारच. यात मुलाचा दोष नाही आणि आईच्या दुर्लक्षावर बोट ठेवणेही अन्यायाचे आहे. ती बाटलीच विक्रीला यायला नको.

डांबरगोळ्या : या स्वच्छताद्रव्ये नव्हेत, तरी न्हाणीघरात, मोरीच्या जाळीवर आणि कपड्यांच्या ट्रंकेत त्या सर्रास असतात, म्हणून त्यांचा विचार इथे करणे योग्य. त्या बहुधा नॅफ्थलीनच्या असतात; सुगंधी गोळ्या व मुतारीतल्या वड्या पॅराडायक्लोरोबेंझिनच्या असू शकतात. ही दोन्ही द्रव्ये घन अवस्थेतून थेट वाफ होऊन हवेत मिसळतात; गोळी लहान होत जाते ती अशी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दोहोंना ‘मानवात कर्करोगजनक असण्याची शक्यता’ या गटात (२ ब) ठेवले आहे.

याहून निकटचा धोका नवजात बालकांना आहे. जी-६-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांमध्ये नॅफ्थलीनमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. पारशी समाजात तसेच महाराष्ट्र व गुजरातमधील काही आदिवासी समाजांत ही कमतरता तुलनेने अधिक आढळते. तिचा वारसा क्ष गुणसूत्रावरून येत असल्याने मुलग्यांमध्ये ती जास्त प्रकट होते. बाळाच्या जन्माआधी ट्रंकेतून मऊसूत जुनी लुगडी काढून दुपटी शिवायची आपल्याकडे रीत आहे. ती लुगडी वर्षभर डांबरगोळ्यांत ठेवलेली असतात. त्यांत गुंडाळलेले बाळ ही वाफ श्वासावाटे आणि नाजूक त्वचेवाटे घेते, तेल लावलेल्या अंगातून ती अधिक शोषली जाते, आणि कावीळ झपाट्याने वाढते. रक्तातले बिलिरुबिन फार चढले तर मेंदूला कायमची इजा होते. कमतरता आहे की नाही हे जन्मतः घरच्यांना ठाऊक नसते, म्हणून बाळाच्या कपड्यांजवळ डांबरगोळ्या मुळीच नकोत. नुसते ऊन देणे पुरेसे नाही. कपडे धुऊनच वापरावेत. युरोपीय संघात नॅफ्थलीनच्या गोळ्यांची विक्री २००८ पासून बंद आहे. भारतात त्या किराणा दुकानात मिळतात.

श्वासावाटे होणारा दीर्घकालीन परिणाम : नॉर्वेतील बेर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी युरोपातील श्वसनविषयक पाहणीतील ६,२३५ व्यक्तींची फुप्फुसक्षमता सुमारे २० वर्षांत तीनदा मोजलेली माहिती अभ्यासली, निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. एका सेकंदात जोराने बाहेर टाकता येणारी हवा वयोमानाने सर्वांचीच घटते. स्वच्छता न करणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत घरी स्वच्छता करणाऱ्या स्त्रियांमध्ये ही घट वर्षाला ३.६ मिलिलिटरने, तर सफाई हाच व्यवसाय असलेल्या स्त्रियांमध्ये ३.९ मिलिलिटरने अधिक आढळली. आकडे लहान दिसतात, पण ते दरवर्षी साठत जातात. पुरुषांत असा फरक दिसला नाही. तसेच हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने कार्यकारणभाव त्याने सिद्ध होत नाही. तरीही घरातली आणि पगारी अशी दोन्ही सफाई जिच्या वाट्याला येते तिच्या फुप्फुसांविषयी त्यातून गंभीर शंका उभी राहते. त्याच पाहणीवर आधारलेल्या २००७ च्या एका अभ्यासात आठवड्यातून एकदा तरी फवाऱ्याची द्रव्ये वापरणाऱ्यांत दम्याचे प्रमाण अधिक आढळले होते. काच पुसण्याचा, फर्निचरचा आणि खोली सुगंधित करण्याचा फवारा ही त्यातली प्रमुख कारणे. द्रव फडक्यावर घेतला तर तो बराचसा फडक्यावरच राहतो, फवारल्यास त्याचे सूक्ष्म थेंब श्वासनलिकेत जातात. कॅनडातील मुलांच्या एका दीर्घ पाहणीत (२०२०) तान्हेपणी ज्यांच्या घरी ही द्रव्ये वारंवार वापरली जात त्यांच्यात तिसऱ्या वर्षी दम्याचे निदान अधिक आढळले. तान्ही मुले फरशीलगत वावरतात आणि वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा अधिक हवा आत घेतात.

सुगंधही अलिप्त नाही. लिंबू-संत्र्याचा वास देणारे लिमोनीन हवेतील ओझोनशी संयोग पावले की फॉर्माल्डिहाइड तयार होते, आणि ते कर्करोगजनक म्हणून निश्चित झालेले द्रव्य आहे.

त्वचेला निर्धोक असलेले द्रव्य श्वासावाटे प्राणघातक कसे ठरू शकते, याचे सर्वांत भीषण उदाहरण दक्षिण कोरियातले आहे. हिवाळ्यात खोलीत दमटपणा आणणाऱ्या यंत्राच्या पाण्यात शेवाळ-जंतू होऊ नयेत म्हणून मिसळायचे जंतुनाशक तिथे १९९४ पासून विकले जात होते. त्यांतील पॉलिहेक्झामिथिलीन ग्वानिडीन हे द्रव्य पोटात किंवा त्वचेवर फारसे अपायकारक नव्हते. त्याचे वाफाऱ्यासोबत जाणारे धुके श्वासात गेले की काय होते, हे विक्रीपूर्वी तपासलेच गेले नव्हते. २०११ च्या वसंतात सोलमधील एका रुग्णालयात गरोदर व बाळंतीण स्त्रिया फुप्फुसे निकामी होऊन दाखल होऊ लागल्या, तेव्हा कारणाचा माग लागला आणि त्याच वर्षी ही उत्पादने मागे घेण्यात आली. बळींची संख्या हजारापलीकडे गेली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती, कारण बाळाच्या खोलीची हवा चांगली राहावी म्हणूनच आईबापांनी ते यंत्र लावले होते.

हात आणि त्वचा : दिवसातून चार-पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या स्त्रियांच्या हातांना भेगा पडतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, नखुरडे ठणकते. डिटर्जंट त्वचेवरचा स्निग्ध थर धुऊन नेतो, आणि उघड्या पडलेल्या त्वचेतून बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखी जंतुनाशके व टिकाऊपणासाठी घातलेली आयसोथायाझोलिनोन द्रव्ये आत शिरून ॲलर्जी उत्पन्न करतात. एकदा अशी ॲलर्जी जडली की अल्पशा संपर्कानेही इसब उठते. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण कोणत्या घरात कोणते द्रव्य हाताळायचे हे आजही मालकीणच ठरवते. हातमोजे आणि उघडी खिडकी देणे हे तिचे साधे कर्तव्य आहे.

घटकांची माहिती : आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार वेष्टनावर उत्पादकाचे नाव, किंमत, निव्वळ प्रमाण असा तपशील छापावा लागतो; घटकांची पूर्ण यादी त्या नियमांत येत नाही. युरोपीय संघात डिटर्जंटसाठी २००४ च्या विनियमानुसार, तर अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात २०१७ च्या कायद्यानुसार घटक जाहीर करावे लागतात. ‘नैसर्गिक’ हा शब्द घटकांच्या यादीची जागा घेऊ शकत नाही. रिठ्याचे पाणीही डोळ्यांत गेले तर आग करते.

तातडीचे उपचार : वायू सुटल्यास द्रव पुसत न बसता लगेच बाहेर मोकळ्या हवेत जावे. डोळ्यांत उडाल्यास वाहत्या पाण्याने १५ ते २० मिनिटे डोळे धुवावेत आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. ॲसिड, कॉस्टिक, ब्लीच किंवा फिनाईल गिळल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. वर येताना तो द्रव अन्ननलिका पुन्हा भाजतो किंवा फुप्फुसांत जातो. ॲसिडवर सोडा आणि कॉस्टिकवर लिंबू पाजणेही चुकीचे, कारण त्या अभिक्रियेत उष्णता निर्माण होते. रुग्णालयात जाताना मूळ बाटली सोबत न्यावी. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र असून ते चोवीस तास दूरध्वनीवरून डॉक्टरांना तसेच नागरिकांना सल्ला देते.