डोळ्यांपुढचे काजवे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

फेब्रुवारीतली दुपार होती. शाळेतल्या शिक्षक-खोलीत बसून मी दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत होते. एका मुलीने लिहिलेल्या शब्दातली मधली अक्षरे मला दिसेनात. आधी वाटले, शाई उमटली नसेल. मग चष्मा पुसला, डोळे चोळले, पेपर उजेडात धरला. अक्षरे नव्हतीच. थोड्या वेळाने त्या रिकाम्या जागेच्या कडेला एक लखलखती, करवतीच्या दात्यांसारखी रेघ उमटली. ती हलत होती, थरथरत होती आणि हळूहळू मोठी होत बाहेर सरकत होती. डोळे मिटले तरी ती दिसतच होती.

मी मनातून पार हादरले. आपण आंधळे होतो आहोत, की हा अर्धांगाचा झटका आहे? वीस-पंचवीस मिनिटांत तो सारा खेळ आपोआप विरला. आणि मग डाव्या कानशिलात घणाचे घाव सुरू झाले. ओकाऱ्या झाल्या. खिडकीतला उजेड सोसवेना. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सारे विचारून घेतले, तपासण्या केल्या आणि सांगितले, "हे मायग्रेन आहे. आधी दिसले त्याला ऑरा म्हणतात."

रात्री आईला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "अगं, ही तर अर्धशिशी. तुझ्या आजीला होती की!"

आजीची अर्धशिशी मला आठवत होती. माजघरातल्या अंधारात ती कपाळाला सुंठेचा लेप लावून, डोक्याला फडके घट्ट बांधून पडून राहायची. त्याआधी चुलीपुढे बसल्या बसल्या ती म्हणायची, "डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले गं बाई." आम्ही सारे ते बोलण्याची एक रीत म्हणून ऐकत होतो. मराठीत काजवे कुणाच्याही डोळ्यांपुढे चमकतात. गालावर चपराक बसली तरी आणि महिन्याचे बिल पाहिले तरी. ती जे दिसत होते तेच सांगत असेल, असे कुणाच्या मनातही आले नाही. त्या काजव्यांचा इतिहास शोधायला मी लागले, ती त्या फोननंतर.

डोकेदुखीचा इतिहास फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोक्याचे अकरा रोग सांगितले आहेत, त्यांत अर्धावभेदक आहे. अर्धे डोके फोडून काढणारे हे दुखणे कधी पंधरवड्याने, कधी दहा दिवसांनी, तर कधी अवचित उठते, असे तिथे म्हटले आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गेलन यानेही त्याला 'हेमिक्रेनिया', म्हणजे अर्धी कवटी, असे नाव दिले. तोच शब्द झिजत झिजत फ्रेंचमध्ये 'मायग्रेन' झाला. आपल्या अर्धशिशीतही अर्धे शिर आहेच. दोन दूरच्या देशांतल्या वैद्यांनी एकाच दुखण्याला जवळपास एकच नाव द्यावे, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

पण दुखण्याआधी जे दिसते, त्याचे काय? दुखते कुठे ते बोट ठेवून दाखवता येते. आपल्याला दिसते ते मात्र दुसऱ्याला दाखवता येत नाही. त्यासाठी कुणीतरी ते कागदावर उतरवायला हवे होते.

१८२४ साली विल्यम हाइड वोलॅस्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे धातू शोधून काढणारा हाच तो. वीसहून अधिक वर्षांपूर्वी एकदा बऱ्याच श्रमांनंतर त्याला समोरच्या माणसाचा अर्धाच चेहरा दिसू लागला होता. एका दारावरचे 'जॉन्सन' हे नाव वाचू गेला, तर फक्त 'सन' एवढाच शेवट दिसला. थोड्या वेळात नजर पूर्ववत झाली. पुढे पुन्हा एकदा तसेच घडले. वोलॅस्टन नुसता घाबरून बसला नाही. दोन्ही डोळ्यांतली एकाच बाजूची दृष्टी जाते, याचा अर्थ काय, असा विचार त्याने केला. प्रत्येक डोळ्याकडून येणाऱ्या मज्जातंतूंपैकी काही वाटेत बाजू बदलत असले पाहिजेत, असे अनुमान त्याने काढले. ते बरोबर होते. वोलॅस्टनच्या गोष्टीचा शेवट मात्र वेगळा आहे. त्याकडे मी पुढे येणार आहे.

१८६५ मध्ये हाच विषय एका विज्ञान-नियतकालिकात पुन्हा निघाला. डेव्हिड ब्रूस्टर या प्रकाशशास्त्रज्ञाने आपल्या अर्ध्या दृष्टीचे वर्णन लिहिले आणि दोष डोळ्याच्या पडद्याला दिला. त्यावर ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख, राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी आपला अनुभव लिहिला. एअरी म्हणजे काटेकोरपणाचा पुतळा. त्यांच्या दुर्बिणीतून जाणारी रेषा पुढे १८८४ मध्ये जगाचे शून्य रेखावृत्त ठरली. डोळ्यांचेही त्यांना चांगले ज्ञान होते. तरुणपणी स्वतःच्या डोळ्यातला वक्रतेचा दोष ओळखून त्यांनी त्यासाठी खास भिंग घडवून घेतले होते. त्यामुळे डोळ्याचा दोष कसा असतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. हा प्रकार तसा नव्हता. तो दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी, एकाच जागी दिसत होता. तेव्हा दुखणे मेंदूत आहे आणि डोळा केवळ त्याची वर्दी देतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदवली. त्यांना स्वतःला पुढे डोकेदुखीचा त्रास होत नसे. काही स्नेह्यांना मात्र होई. डोके न दुखताही नुसता ऑरा येऊ शकतो, हे आज डॉक्टर सांगतात, ते त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले होते.

पण खरे काम केले ते त्यांच्या मुलाने. ह्यूबर्ट एअरी विद्यार्थिदशेपासून या झटक्यांशी परिचित होता. पुढे तो डॉक्टर झाला आणि १८७० मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने या विषयावर विस्तृत निबंध लिहिला. त्या निबंधाबरोबरची चित्रे पाहिली आणि मी थक्क झाले. माझ्या पेपरावर उमटलेली रेघच तिथे काढलेली होती! नजरेच्या मध्याजवळ एक लहानसा ठिपका, त्याभोवती नागमोडी दातेरी कड, मग ती कड पसरत पसरत बाहेर जाते आणि एका बाजूने उघडी राहते. झटका वाढत जाताना काय काय बदलते, ते टप्प्याटप्प्याने काढले होते.

ह्यूबर्टला ती आकृती किल्ल्याच्या तटासारखी वाटली. आपल्याकडच्या गोल बुरुजांच्या गडाशी ती जुळणार नाही. पण पोर्तुगीजांनी बांधलेल्या वसईच्या किल्ल्याचा नकाशा पाहा. बाणाच्या टोकासारखे बुरूज असलेला, कोनाकोनांनी पुढेमागे होत जाणारा तो तट म्हणजे थेट हीच रेघ. ग्रीक भाषेतले 'तट' आणि 'दृष्टी' हे शब्द जोडून त्याने या प्रकाराला 'टायकॉप्सिया' असे नावच दिले. आपण तटदृष्टी म्हणू.

या चित्रांचे मोल काय? एक म्हणजे, मनाचे खेळ किंवा नसते भास म्हणून जे उडवून लावले जाई, त्याला ठराविक आकार, ठराविक क्रम आणि ठराविक वेळ असतो, हे सिद्ध झाले. दुसरे म्हणजे, पुढच्या पिढ्यांना मोजायला काहीतरी मिळाले.

मोजणारा आला १९४१ मध्ये. कार्ल लॅश्ले हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यालाही हे झटके येत. झटका आला की तो त्या आंधळ्या डागाचा नकाशा कागदावर काढी आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढी. मेंदूच्या मागच्या भागात दृष्टीचे केंद्र असते. त्याच्या आकाराशी हे नकाशे ताडून त्याने हिशेब मांडला, की काहीतरी मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर वेगाने सरकत असले पाहिजे. मुंगीलाही लाजवील असा हा संथ वेग. वीस मिनिटांत जेमतेम सहा सेंटिमीटर!

तीनच वर्षांनी, १९४४ मध्ये, हार्वर्डमध्ये काम करणाऱ्या अरिस्टिडीस लेआंव या ब्राझिलियन संशोधकाने सशाच्या मेंदूवरील प्रयोगांचा निष्कर्ष छापला. तो शोधत होता अपस्माराविषयी, सापडले भलतेच. मेंदूच्या पृष्ठभागावर एका जागी चेतना दिली, की तिथला विद्युत-व्यवहार मंदावतो आणि ही शांतता मिनिटाला काही मिलिमीटर वेगाने चहूकडे पसरत जाते. लॅश्लेचा हिशेब आणि लेआंवचा ससा यांची सांगड पक्की बसायला मात्र काही वर्षे जावी लागली. २००१ मध्ये नुशिन हाजिखानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑरा चालू असतानाच माणसाच्या मेंदूची चुंबकीय छायाचित्रे घेतली, तेव्हा तशीच लाट तशाच संथ वेगाने सरकताना आढळली. लाटेच्या पुढच्या कडेला पेशी क्षणभर खवळतात, ते लखलखते दाते. मागे त्या निपचित होतात, ती रिकामी जागा. माझी नाहीशी झालेली अक्षरे ती हीच.

दरम्यान औषधांचीही प्रगती झाली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ट्रिप्टान गटाची गोळी आली. २०१८ पासून झटके वारंवार येणाऱ्यांसाठी नवी इंजेक्शनेही आहेत. साधी वेदनाशामक गोळीही वेळेवर घेतली तर पुष्कळांना पुरते. मात्र ती महिन्यातून दहा-पंधरा दिवस घेऊ लागलो, तर गोळीच डोकेदुखी वाढवते, हे ध्यानात ठेवावे.

आता वोलॅस्टनकडे येते. १८२८ मध्ये तो वारला. त्याच्या मेंदूत गाठ सापडली. त्याच्या पहिल्या झटक्याचा त्या गाठीशी संबंध होता की नव्हता, हे आज कोण सांगणार? पण एअरी पितापुत्र आणि वोलॅस्टन यांना दिसले ते बरेचसे सारखे, आणि निदान एकाचे तरी वेगळे निघाले. म्हणून पहिल्यांदा असे काही झाले, तर 'अर्धशिशी असेल' म्हणून घरीच ठरवू नये. डॉक्टरांना दाखवावे. ऑरा हळूहळू पसरतो आणि बहुधा तासाभरात जातो. नजर एकदम गेली, तोंड वाकडे झाले, हातापायातली शक्ती गेली, बोबडी वळली, आयुष्यात कधी दुखले नाही असे डोके क्षणात दुखू लागले, तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. ऑरा येणाऱ्या स्त्रियांनी संततिनियमनाची गोळी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगावे, कारण काही गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

आणि निदान झाल्यावर? मी एक वही घातली. रेघ दिसू लागली, की घड्याळ पाहते. गाडी चालवत असेन तर थांबते. कोणत्या बाजूला दिसते, किती वेळ राहते, आदल्या रात्री झोप झाली होती का, उपास होता का, सारे लिहिते. मुंग्या आल्या किंवा शब्द सुचला नाही, तर तेही लिहिते. ऑराही या शब्दाचा अर्थ मुळात 'झुळूक'. वादळापूर्वीची झुळूक ओळखता आली, की वादळ चुकत नाही, पण अंगणातले कपडे तरी आत घेता येतात. अंधाऱ्या खोलीत जाऊन पडायला मला वीस मिनिटे मिळतात. भीती बरीचशी गेली आहे.

एक विचार मात्र राहून राहून येतो. मायग्रेन पुरुषांपेक्षा स्त्रियांना सुमारे तिप्पट होते. तरी या इतिहासातली जुनी चित्रे काढली राजज्योतिष्याच्या मुलाने, प्राध्यापकाने. त्यांच्याजवळ कागद होता, घड्याळ होते आणि मुख्य म्हणजे त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवणारी मंडळी होती. माझ्या आजीजवळ यातले काहीच नव्हते. तिला तिन्हीसांजेला पडून राहिल्याबद्दल बोलणी ऐकावी लागत. स्वयंपाक टाळायचा म्हणून डोके धरते, असे म्हणणारेही घरात होते. ह्यूबर्ट एअरीने काढले तेच कदाचित तिलाही चुलीपुढे दिसत असेल. तिने ते एका शब्दात सांगितलेही होते.

तुमच्या घरात कुणी असे कपाळ धरून बसले, तर काय दिसते ते त्यांना एकदा विचारा. जमल्यास हाती कागद-पेन्सिल द्या. आम्ही आजीला ते कधी विचारले नाही.