सहीपेक्षा मागचं पान महत्त्वाचं : 'फॅरनहाइट ४५१'च्या प्रतींची गोष्ट

"मॅडम, मूळ संदर्भ बघायचा म्हणजे नेमकं काय बघायचं?" पेट परीक्षेची तयारी करणारे ज्युनिअर मला हा प्रश्न हमखास विचारतात. मला याचं उत्तर माझ्या विषयाच्या, म्हणजे रसायनशास्त्राच्या, पेपरांत सापडलं नाही. ते सापडलं मुंबईत फाउंटनच्या फूटपाथवर घेतलेल्या एका जुन्या विज्ञानकादंबरीत. म्हणून आज थोडा इतिहास सांगते. शेवटी तो आपल्या लॅबमध्येच येऊन थांबतो.

पुस्तक होतं रे ब्रॅडबरीचं 'फॅरनहाइट ४५१'. पिवळं पडलेलं पेपरबॅक, कोपरे दुमडलेले. विक्रेत्याने पहिलं पान उघडून दाखवलं, "लेखकाची सही आहे बघा." निळ्या बॉलपेनची, लांब शेपटीची सही. मी घासाघीस करून अडीचशे रुपयांना ते घेतलं आणि हॉस्टेलवर सगळ्यांना दाखवत सुटले.

माझी रूममेट इंग्रजी साहित्यात पीएच.डी. करते. तिने सहीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शीर्षकाचं पान उलटून मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाली, "छपाई १९७६ ची आहे. अगं, हे बदललेलं पुस्तक आहे!"

मला काहीच कळलं नाही. कळायला दोन आठवडे लागले.

पुस्तक तयार कसं झालं

ब्रॅडबरीचा जन्म १९२० चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, वॉकीगन गावी. कॉलेजला तो गेला नाही. शिकला तो सार्वजनिक वाचनालयांत. या कादंबरीचं आधीचं, आखूड रूप 'द फायरमन' या नावाने 'गॅलक्सी' मासिकाच्या फेब्रुवारी १९५१ च्या अंकात आलं. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, पॉवेल लायब्ररीच्या तळघरात भाड्याचे टाइपरायटर होते. अर्ध्या तासाला १० सेंट. तिथे बसून ९ डॉलर ८० सेंटमध्ये पहिला खर्डा झाला, असं ब्रॅडबरी सांगत असे. हिशेब केला तर ४९ तास होतात.

हाच मजकूर वाढवून बॅलंटाइन बुक्सने ऑक्टोबर १९५३ मध्ये पुस्तक काढलं. त्यात कादंबरीबरोबर दोन कथाही होत्या. १९५४ च्या मार्च, एप्रिल आणि मे महिन्यांत ती 'प्लेबॉय'मध्ये क्रमशः आली. म्हणजे पहिल्या तीन-चार वर्षांतच या एका कृतीची मासिकातली, पेपरबॅकमधली, पुठ्ठा बांधणीतली आणि पुन्हा मासिकातली अशी वेगवेगळी रूपं बाजारात आली. संग्राहकाला ही सगळी हवी असतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, काय हा वेडेपणा! एकच गोष्ट चार वेळा कशाला विकत घ्यायची?

थांबा, उत्तर पुढे येतंय.

ॲस्बेस्टॉसची बांधणी

या पुस्तकाची सगळ्यात दुर्मीळ मानली जाणारी प्रत १९५३ चीच आहे. बॅलंटाइनने २०० प्रती वेगळ्या बांधल्या. प्रत्येकीवर क्रमांक आणि ब्रॅडबरीची सही. कव्हर होतं जॉन्स-मॅनव्हिल कंपनीच्या 'क्विन्टेरा' नावाच्या ॲस्बेस्टॉसच्या साहित्याचं. हे साहित्य उष्णतेला दाद देत नाही, असं प्रतीतच छापलेलं आहे. कादंबरी आहे पुस्तकं जाळणाऱ्या अग्निशामकांची आणि शीर्षक आहे पुस्तकाचा कागद पेटण्याच्या तापमानाचं. ४५१ अंश फॅरनहाइट म्हणजे साधारण २३३ अंश सेल्सिअस. तेव्हा न जळणारं कव्हर ही प्रकाशकाची मोठी गमतीदार कल्पना होती.

आता रसायनशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला गप्प बसवत नाही. ॲस्बेस्टॉस ही तंतुमय सिलिकेट खनिजं. ती पेटत नाहीत, हे खरं. त्यांतल्या क्रायसोटाइलची रचना मोडायलाच साधारण ६०० ते ८०० अंश सेल्सिअस लागतात. पण आतली पानं साध्या कागदाची आणि पुस्तकाच्या तीन कडा उघड्याच. आगीत सापडलं तर कव्हर राहील आणि कादंबरी जाईल!

इतिहासाच्या दृष्टीने मात्र हे कव्हर फार बोलकं आहे. १९५३ मध्ये एक नामांकित प्रकाशक वाचकाच्या हातात अभिमानाने ॲस्बेस्टॉस देतो. दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, रिचर्ड डॉल यांचा ॲस्बेस्टॉस कामगारांमधल्या फुप्फुसाच्या कर्करोगावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतून मेसोथेलिओमा आणि ॲस्बेस्टॉस यांचा संबंध दाखवणारा पेपर आला. ज्या वस्तूला तेव्हा लोक 'सुरक्षित' म्हणत होते, तिचे तंतू श्वासातून आत जाणं घातक ठरलं. आज ही प्रत जपून पेटीत ठेवावी लागते. कोणी मुद्दाम लिहून ठेवलं नसतं इतकं त्या काळाचं मन या कव्हरने जपून ठेवलंय. कादंबरीचा नुसता मजकूर वाचून हे कधीच कळलं नसतं.

मजकूर गुपचूप बदलला तेव्हा

आता माझ्या १९७६ च्या प्रतीकडे येऊ.

१९६७ मध्ये बॅलंटाइनने शाळांसाठी या कादंबरीची वेगळी आवृत्ती काढली. तिच्यात सुमारे ७५ ठिकाणी फेरफार केले. शिव्यांसारखे वाटणारे शब्द काढले, गर्भपाताचा उल्लेख काढला. एका प्रसंगातला दारू प्यायलेला माणूस 'आजारी' माणूस झाला. दुसऱ्या ठिकाणी बेंबी साफ करण्याचा उल्लेख होता, तिथे कान आले. हा बदल झालाय, अशी सूचना पुस्तकात कुठेही नव्हती. काही वर्षं मूळ आणि बदललेली अशी दोन्ही पुस्तकं शेजारीशेजारी विकली जात होती. मग १९७३ पासून बॅलंटाइन फक्त बदललेलीच छापू लागलं. म्हणजे मोठ्या वाचकालाही शाळेसाठी धुऊन काढलेला मजकूरच मिळायचा आणि त्याला त्याचा पत्ताही नसायचा.

पुस्तकांची गळचेपी हा ज्या कादंबरीचा विषय, तिचीच ही गत झाली. खुद्द लेखकाला ते १९७९ पर्यंत माहीत नव्हतं. विद्यार्थ्यांच्या पत्रांतून त्याला ते कळलं. मग ज्यूडी-लिन डेल रे या संपादिकेने पुस्तक नव्याने जुळवून घेतलं, मूळ शब्द परत आले, आणि ब्रॅडबरीने शेवटी एक संतापलेलं टिपण जोडलं.

रूममेटने आणि मी मिळून माझी प्रत आणि तिची नवी प्रत शेजारी ठेवून वाचल्या. एक वाक्य ती वाचायची, एक मी. 'आजारी' माणूस सापडला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. मला आजवरच्या कुठल्याही सेमिनारपेक्षा त्या रात्री जास्त शिकायला मिळालं.

कारण विचार करा. समजा, १९७५ मध्ये एखाद्याने या कादंबरीच्या भाषेवर प्रबंध लिहिला, दुकानातून ताजी प्रत आणली आणि 'ब्रॅडबरीची भाषा सौम्य आहे' असा निष्कर्ष काढला. संदर्भसूचीत लेखकाचं नाव बरोबर, पुस्तकाचं नाव बरोबर, प्रकाशक बरोबर. निष्कर्ष मात्र ब्रॅडबरीबद्दल नसून कुण्या अनाम संपादकाबद्दल असता! ही चूक पकडता येते, कारण कोणीतरी १९५३ ची प्रत सांभाळून ठेवलेली असते. एकच पुस्तक चारदा विकत घेणाऱ्या त्या 'वेड्या' माणसाने.

संग्राहक आणि संशोधक

अशा माणसांपैकी एक म्हणजे डॉन ऑलब्राइट, ब्रॅडबरीचा अनेक वर्षांचा मित्र आणि त्याच्या लेखनाचा सूचीकार. २००६ मध्ये ऑलब्राइट आणि अभ्यासक जोनाथन एलर यांनी 'मॅच टू फ्लेम' हे पुस्तक केलं. कादंबरीच्या आधीच्या, तिच्याकडे नेणाऱ्या कथा आणि खर्डे त्यात एकत्र आहेत. ते काढलं गॉन्टलेट प्रेसने, म्हणजे संग्राहकांसाठी सहीच्या मर्यादित प्रती काढणाऱ्या प्रकाशनाने. छंद आणि संशोधन इथे एकाच बांधणीत सापडतात.

ब्रॅडबरी जून २०१२ मध्ये गेला. त्याची स्वतःची पुस्तकं वॉकीगनच्या वाचनालयाला गेली. त्याच्या ऑफिसमधलं सामान, म्हणजे टेबल, टाइपरायटर, फायलींची कपाटं, कागदपत्रं, ऑलब्राइट यांच्यामार्फत इंडियानापोलिसच्या ब्रॅडबरी केंद्राला मिळालं. एलर आणि विल्यम टूपॉन्स यांनी हे केंद्र २००७ मध्ये तिथल्या विद्यापीठात सुरू केलं होतं. आज तिथे त्याचं ऑफिस पुन्हा मांडून ठेवलंय. त्याच्याकडची इतर काही चित्रं आणि वस्तू २०१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या लिलावात विकल्या गेल्या.

लिलावाला मी नावं ठेवणार नाही. विकत घेणाराही प्रेमानेच घेतो. पण फरक लक्षात घ्या. कपाट जसंच्या तसं राहिलं, तर कुठला कागद कुठल्या फायलीत, कशाच्या शेजारी होता हे कळतं. त्यावरून खर्ड्यांचा क्रम लागतो. तोच कागद सुटा होऊन कुणाच्या भिंतीवर फ्रेममध्ये गेला, की सही उरते आणि शेजार जातो. दफ्तरखान्यात काम करणारे लोक मूळ क्रम मोडू नका असं कळकळीने सांगतात, त्याचं कारण हेच.

सही नसलेलं हस्तलिखित

यावरून आपल्याकडचा एक किस्सा आठवतो. १९७४ मध्ये जयंत नारळीकर यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. आपल्या नावाचा परीक्षकांवर परिणाम नको, म्हणून आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलं : नारायण विनायक जगताप. अक्षर ओळखू येईल, म्हणून कथा मंगलाताईंच्या अक्षरात लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं.

आता गंमत पाहा. असं हस्तलिखित फक्त सही शोधणाऱ्याच्या हातात पडलं तर? नाव नारळीकरांचं नाही, अक्षर नारळीकरांचं नाही. तो रद्दीत टाकेल! पण कागद कुठून आला, कधीचा, कुणाकडे होता, हा माग ज्याच्याकडे आहे त्याला कळेल की मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातला केवढा मोठा ऐवज हातात आहे.

आपल्या लॅबचं काय?

हे सगळं समजल्यावर मला माझीच एक फजिती वेगळ्या नजरेने दिसली. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझं एक पॉलिमर अचानक नीट बनेना. तीच कृती, तेच तापमान, तोच मी घेतलेला वेळ, पण निकाल वेगळे. दोन महिने मी स्वतःच्या हातांना दोष देत होते. शेवटी लक्षात आलं की मोनोमरची बाटली बदलली होती. लेबलवर नाव तेच, शुद्धता तीच, बॅच नंबर वेगळा. आणि जुना बॅच नंबर मी वहीत लिहिलाच नव्हता. जुनी बाटली तोवर धुऊन टाकलेली.

बॅच नंबर म्हणजे बाटलीचं मागचं पान. ते मी वाचलं नव्हतं.

तर ज्युनिअर मंडळींनो, "नेमकं काय बघायचं?" याचं माझं उत्तर असं.

पुस्तक हातात घेतलं की शीर्षकपानाची मागची बाजू आधी वाचा. कुठली आवृत्ती आणि कितवं मुद्रण, हे नोंदवा. मराठी पुस्तकांवर तर 'दुसरी आवृत्ती' असं लिहिलेलं असतं आणि आत पुष्कळदा नुसतं पुनर्मुद्रण असतं. कधी याच्या उलटही असतं, म्हणून दोन प्रती ताडून पाहा. पेपर वाचत असाल तर प्रीप्रिंट वाचताय की छापील, नंतर दुरुस्ती आलीय का, हे तपासा. सॉफ्टवेअरची व्हर्जन, डेटा उतरवून घेतल्याची तारीख, रसायनाचा बॅच नंबर त्याच दिवशी वहीत लिहा. आणि एखादी गोष्ट तुमच्यापर्यंत कुणाच्या हातून आली, तो माग जपा.

माझ्या प्रतीवरची सही खरी आहे का? ब्रॅडबरीच्या सह्यांचे फोटो शेजारी ठेवून खूपदा पाहिलं. कधी जुळते असं वाटतं, कधी नाही. शाई बॉलपेनची आहे एवढं सांगता येतं, पण पेन कुणाच्या हातात होतं हे शाई सांगत नाही. आधीच्या मालकाचं नाव नाही, पावती नाही. विक्रेत्याला विचारायला पुन्हा गेले, तर त्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारा बसला होता.

तेव्हा सहीचा दावा मी सोडून दिलाय. पण पुस्तक कपाटात पहिल्या रांगेत आहे. १९७६ सालच्या वाचकाला नेमकं काय वाचायला मिळत होतं, याचा पुरावा माझ्याकडे आहे आणि त्यावर कुणाच्या सहीची गरज नाही. अडीचशे रुपयांत तो मला महाग पडला, असं मी म्हणणार नाही.