तोफांच्या छायेंतील अजिंक्यपद

१९१४ च्या ऑगस्टांत महायुद्ध पेटलें, तरी महिनाभरांतच इंग्लंडांत फुटबॉल लीगचे सामने सुरू झाले. टीकेची झोड उठली ती निराळीच. एव्हर्टननें ३८ सामन्यांत ४६ गुण मिळवून अजिंक्यपद पटकाविलें. ओल्डहॅम अवघ्या एका गुणानें मागें राहिला. परंतु त्या हंगामाची खरी कथा तक्त्याच्या तळाशीं आहे. २ एप्रिल १९१५ रोजीं मँचेस्टर युनायटेडनें लिव्हरपूलला २-० असें हरविलें. त्या दोन गुणांनींच युनायटेड तरला, चेल्सी मात्र तक्त्यांत त्याच्या खालीं राहिला. निकाल आधींच ठरवून पैजा लावल्या गेल्या होत्या! दोन्ही संघांच्या सात खेळाडूंवर आजन्म बंदी आली. त्यांपैकीं सँडी टर्नबुल १९१७ त आरासच्या लढाईंत पडला. त्याची बंदी उठली १९१९ त. एनॉक वेस्टला मात्र १९४५ पर्यंत थांबावें लागलें.