कॅडबरी, क्वेकर आणि एक फार्दिंग

श्रद्धा आणि धंदा यांतलं अंतर कसं मोजायचं? तारखा बघा. इंग्लंडचं कॅडबरी कुटुंब क्वेकर, म्हणजे समता मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं. १८७९ साली त्यांनी कारखाना बर्मिंगहॅमच्या गर्दीतून बोर्नव्हिलला नेला. पुढे तिथं बागेसकट घरं उभारली. पण १९०१ मध्ये त्यांच्या कानावर आलं, की साओ टोमे बेटावर कोकोच्या मळ्यांत गुलाम राबतात. खरेदी थांबली १९०९ मध्ये! वर्तमानपत्राने ढोंगी म्हटलं, तेव्हा बदनामीचा खटला कॅडबरींनी जिंकला. भरपाई मात्र एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाईक राहिलो तरच दबाव आणता येईल. म्हणून श्रद्धा खोटी होती, असं लगेच लिहू नका. त्या आठ वर्षांत दबावाने काय बदललं, ते आधी तपासा.