पाठांतर आणि वाचन : मराठी प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासातील एक प्रश्न

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या मार्गावर, नेवासे तालुक्यात, घोडेगाव वसलेले आहे. याच तालुक्यात सोनई व भेंडे येथे साखर कारखाने असून गळिताच्या हंगामात त्यांच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. आईबापांबरोबर आलेल्या मुलांचे निम्मे शालेय वर्ष अशा रीतीने गावाबाहेर सरते. परतल्यावर मूल वयानुसार वरच्या इयत्तेत बसते. पुढ्यातील पुस्तक मात्र त्याला वाचता येत नाही. अशा मुलास ‘मठ्ठ’ ठरविण्याची रीत जुनी आहे. ती कितपत न्याय्य आहे, याचा विचार इतिहासाच्या आधारे करणे अगत्याचे होय.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत गावोगावच्या पंतोजींच्या शाळांत मुले धुळाक्षरे गिरवीत, पाढे घोकीत व पुढे मोडीचे वळण शिकत. हिशेब आणि पत्रव्यवहार हे या शिक्षणाचे प्रयोजन होते. अपरिचित मजकूर वाचून त्याचा अर्थ लावणे हे त्याचे मुख्य उद्दिष्ट नव्हते. तथापि या शाळांत एक गुण होता : तेथे इयत्ता नव्हत्या, आणि प्रत्येक मूल आपापल्या गतीने पुढे जाई.

1855 मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते स्थापन झाल्यानंतर छापील क्रमिक पुस्तके, इयत्ता व तपासनिसांची परीक्षा यांचा प्रसार झाला. शिक्षणास व्यवस्था लाभली, हे मान्य केले पाहिजे. परंतु जुन्या शाळेतील घोकंपट्टी नव्या शाळेत टिकली आणि स्वतंत्र गती तेवढी लोपली. जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्रशिक्षित शिक्षकांची आणि मोडी व बालबोध या दोन्ही लिप्यांच्या वाचन-लेखनाची मागणी केली होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

बाराखडी तोंडपाठ असणे म्हणजे वाचता येणे नव्हे. ‘क, का, कि, की’ ओळीने म्हणणारे मूल ‘किती’ या शब्दाशी अडखळते, कारण त्याला क्रम ठाऊक असतो, चिन्ह ओळखता येत नाही. फलटण येथे भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी या दोषावर उपाय योजला. संपूर्ण वर्णमाला आधी न शिकविता, थोडी अक्षरे व स्वरचिन्हे घेऊन त्यांतूनच अर्थपूर्ण शब्द वाचावयास देणे, हे त्यांच्या पद्धतीचे मर्म होय.

दुसरा उपाय मुंबईत 1990 च्या दशकात स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या कार्यातून पुढे आला. मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न करता अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा वाचनाच्या पायरीप्रमाणे करावयाचे, हे त्याचे तत्त्व. 2005 पासूनच्या ‘असर’ पाहणीतही याच पायऱ्यांची कसोटी वापरली जाते. तीनुसार ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण 2018 मध्ये 27.3 टक्के होते; शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर, 2022 मध्ये, ते 20.5 टक्क्यांवर आले आणि 2024 मध्ये 27.1 टक्के झाले.

शाळेचा खंड वाचनाची केवढी हानी करतो, हे या आकड्यांवरून दिसते. ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या वाट्याला तो खंड दरवर्षी येतो. पंतोजींच्या शाळेत मुलाची जी स्वतंत्र गती मान्य होती, तीच गटपद्धतीने वर्गात परत येत आहे, असे म्हणता येईल. कोपीवरून परतलेल्या मुलास इयत्ता विचारण्याआधी ते कोणत्या पायरीवर थांबले आहे, हे पाहणे शिक्षकाचे पहिले कर्तव्य ठरते.