गर्भहृदय-श्रवण

गर्भहृदय-श्रवण : गर्भवतीच्या उदरभित्तीतून गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकून वा नोंदून त्याच्या स्थितीचा अंदाज बांधण्याची पद्धत. पूर्ण वाढलेल्या गर्भाचे हृदय मिनिटास सामान्यतः ११० ते १६० वेळा स्पंदन पावते. मातेची नाडी बरीच मंद असल्याने दोन्हींतील भेद बहुधा ओळखता येतो.

जिनीव्हाचे शल्यचिकित्सक फ्रांस्वा मायोर यांनी हा ध्वनी ऐकल्याची नोंद १८१८ मधील आहे. तथापि त्याचे महत्त्व ओळखले ते केर्गाराडेक या फ्रेंच वैद्यांनी. रने लेनेक यांचा स्टेथॉस्कोप त्या वेळी नवाच होता. गर्भाच्या हालचालीने गर्भजलात होणारी खळखळ ऐकू येते काय, हे केर्गाराडेक पाहत होते; प्रत्यक्षात कानी आली ती घड्याळाच्या टिकटिकीसारखी जलद स्पंदने. १८२१ च्या अखेरीस पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे त्यांनी आपला निबंध मांडला. गर्भधारणेची व जुळ्यांची निश्चिती यामुळे शक्य होईल, हे तर त्यांनी सांगितलेच. शिवाय ठोक्यांच्या जोरात व गतीत पडणाऱ्या फरकांवरून गर्भाचे आरोग्य कळेल काय, असाही प्रश्न त्यांनी केला. पुढील सर्व इतिहास या एका प्रश्नाचा आहे.

१८९३ मध्ये जर्मन प्रसूतितज्ज्ञ व्हिंकेल यांनी धोक्याच्या गतिमर्यादा ठरविल्या. आडोल्फ पिनार यांची शिंगाच्या आकाराची नळी सर्वत्र रूढ झाली. कानाने मात्र अधूनमधूनच ऐकता येते, आणि नेमक्या कळेच्या वेळी ऐकणे अवघड जाते. ही उणीव भरून काढण्यासाठी एडवर्ड हॉन यांनी १९५८ मध्ये अमेरिकेत सतत विद्युत् नोंदीची पद्धत मांडली. डोक्यावर वा नाळेवर दाब पडल्यास, तसेच वारेतून ऑक्सिजन कमी मिळाल्यास, गती निरनिराळ्या प्रकारे मंदावते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९६८ पासून अशी यंत्रे बाजारात आली व झपाट्याने पसरली; त्यांची कसोटी मात्र नंतर लागली, हा क्रम उलटाच म्हटला पाहिजे.

डेन्व्हर येथील १९७६ च्या तुलनेत सिझेरियन शस्त्रक्रियेचे प्रमाण यंत्रगटात १६·५ टक्के, तर परिचारिकांनी कानाने तपासलेल्या गटात ६·८ टक्के भरले. अर्भकांना अधिक लाभ झालेला दिसला नाही. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डब्लिनच्या चाचणीत सु. १३,००० स्त्रिया होत्या. तीत झटके येणारी नवजात अर्भके यंत्रगटात १२ व दुसऱ्या गटात २७ आढळली, पण मृत्यू दोन्हींकडे प्रत्येकी १४ होते आणि चौथ्या वर्षी मस्तिष्कजन्य पक्षाघाताच्या प्रमाणातही फरक दिसला नाही. ठोके नियमित असल्यास गर्भ बहुधा सुस्थितीत असतो. ते बिघडले म्हणजे तो संकटात असतोच असे नाही.

निरोगी स्त्रीच्या नैसर्गिक प्रसूतीत सतत यंत्रनोंद करू नये, ठराविक अंतराने डॉप्लर उपकरणाने वा पिनार नळीने ठोके ऐकावेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये केली.